पडद्यावरचे लोणार

लोणारचे विवर कसे तयार झाले हा विषय नववी-दहावीच्या वर्गाला संगणक आणि प्रोजेक्टर वापरून शिकवायचा आहे असे समजू. बुलढाणा जिल्ह्यातील शिक्षकांना तर हा घरचाच विषय. त्यासाठी जी स्लाइड सर्वसाधारणपणे तयार होते ती अशी असते : वर ठळक अक्षरांत 'लोणार सरोवर' हा मथळा. त्याखाली ठिपके देऊन आठ ओळी. स्थान, बुलढाणा जिल्हा. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. खोली सुमारे १५० मीटर. खडक, बेसाल्ट. निर्मिती, उल्कापात. वय, ५०,००० वर्षे. पाणी खारे व अल्कधर्मी. २०२० पासून रामसर स्थळ. या सगळ्याच्या मागे सरोवराचे फिकट केलेले छायाचित्र. शिक्षक पडद्याकडे वळून एकेक ओळ वाचतात आणि मुले ती वहीत उतरवून घेतात.

यातली एक ओळ सोडली तर बाकीची माहिती चुकीची नाही. त्या एका ओळीकडे आपण नंतर येऊ. पण ही माहिती पाठ्यपुस्तकातही मिळते, फळ्यावरही लिहिता येते. विजेवर चालणारे, काही हजार रुपयांचे यंत्र मध्ये आणून आपण नवे काय साधले? विवर 'कसे' झाले, या प्रश्नाला तर या स्लाइडने हातही लावलेला नाही.

पडद्यावर चित्र टाकून लोकांना काही सांगण्याची रीत महाराष्ट्रात संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने मोठी करून पडद्यावर पाडायची आणि बाजूला उभे राहून निवेदन, संवाद, गाणी म्हणायची, असा तो प्रकार. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी तर दिव्याशिवायच, एकामागून एक चित्रे समोर धरून कथा सांगत आले आहेत. या दोन्हींत चित्र दाखवते आणि माणूस बोलतो. निवेदकाचे बोलणे पडद्यावर लिहून ठेवावे, असे तेथे कुणाला सुचले नाही. ही कामाची वाटणी संगणकाच्या स्लाइडमध्ये बिघडली. १९८७ मध्ये बाजारात आलेल्या पॉवरपॉइंट या प्रणालीने पुढे मथळा आणि ठिपकेदार ओळी असा तयार साचा हाती दिला आणि साचा समोर असला की आपण तो भरतोच.

वाचणे आणि ऐकणे

लिहिलेली ओळ मोठ्याने वाचून दाखवली तर विषय दुप्पट पक्का होतो, अशी समजूत आहे. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याबाबत अनेक प्रयोग केले. एका गटाला चित्र दाखवून तोंडी स्पष्टीकरण दिले. दुसऱ्या गटाला तेच चित्र, तेच स्पष्टीकरण, शिवाय त्याच स्पष्टीकरणाचा मजकूर पडद्यावर. नंतर घेतलेल्या चाचण्यांत पहिल्या गटाची समज सामान्यतः चांगली आढळली.

कारण समजण्यासारखे आहे. चित्र डोळ्यांनी घ्यायचे असते आणि मजकूरही डोळ्यांनीच. डोळे एका वेळी एकाच ठिकाणी लागतात. शिवाय वाचण्याचा वेग आणि बोलण्याचा वेग जुळत नाही. मुले वाचून पुढे गेलेली असतात, शिक्षक अजून तिसऱ्या ओळीवर असतात. आपले लक्ष एका वेळी मोजक्याच नव्या गोष्टी पेलू शकते. त्यातला बराचसा भाग दोन मजकुरांची सांगड घालण्यात खर्च झाला तर विवरासाठी फारसे काही उरत नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. नवखा शब्द मात्र पडद्यावर दिसलाच पाहिजे. 'मॅस्केलिनाइट' हा शब्द नुसता ऐकून मुलांच्या वहीत काय उतरेल ते सांगता येत नाही. सेमी-इंग्रजी वर्गात तर एकाच संज्ञेची दोन नावे मुलांना सांभाळावी लागतात, तेव्हा ती दोन्ही चित्रातच, त्या त्या भागाशेजारी लिहावीत. खाली वेगळी सूची केली की नजर वर-खाली फिरत राहते.

मग मथळ्याचे काय? 'लोणार सरोवर' हे नाव झाले. त्यातून काही सांगितले जात नाही. त्याऐवजी पूर्ण वाक्य लिहून पाहा : 'लोणारचे विवर ज्वालामुखीने नव्हे, बाहेरून आलेल्या वस्तूच्या आघाताने झाले.' आता हे विधान झाले. विधान केले की पुरावा द्यावा लागतो आणि स्लाइडवर काय ठेवायचे, काय वगळायचे ते आपोआप ठरू लागते. रामसर स्थळाचा या विधानाशी संबंध नाही, म्हणून ते गेले. पाण्याचा खारेपणाही गेला. त्याला हवी तर वेगळी स्लाइड करावी. उरतो तो पुरावा.

तो मोठा रंजक आहे. एकोणिसाव्या शतकात हे विवर ज्वालामुखीचे मुख समजले जाई आणि तसे वाटणे स्वाभाविकही होते, कारण सगळा परिसर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. विवराच्या काठावर हे थर बाहेरच्या दिशेला कललेले दिसतात, जणू आतून कुणी ते उचकटले. पण निर्णायक पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली मिळाला. येथील खडकांत फेल्डस्पार या खनिजाचे न वितळताच काचेत रूपांतर झालेले आढळले. हेच मॅस्केलिनाइट. त्यासाठी काही लाख वातावरणांइतका दाब क्षणभर यावा लागतो. ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही. सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने येऊन आदळणारी अशनी तो निर्माण करू शकते. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात भारतीय व अमेरिकी संशोधकांनी हा पुरावा मांडला आणि बेसाल्टमधील आघातविवर म्हणून लोणारला जगात स्थान मिळाले.

हे सांगायला दोन चित्रे पुरतात : काठावरच्या कललेल्या थरांचे एक आणि विवराच्या उभ्या छेदाचे दुसरे. छेदाविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. बहुतेक स्लाइडवर तो खोल वाटीसारखा, कधीकधी तर विहिरीसारखा काढलेला असतो. प्रत्यक्षात व्यास सुमारे १,८३० मीटर आणि काठापासून खोली सुमारे १५० मीटर, म्हणजे प्रमाण बारास एक. पडद्यावर विवर ९० सेंटिमीटर रुंद दाखवले तर त्याची खोली साडेसात सेंटिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. ही वाटी नव्हे, जेवणाच्या ताटाकडे झुकणारा आकार झाला. काठावर उभे राहून खाली पाहिलेल्या मुलाला हे पटणार नाही. उतरण्याच्या श्रमावरून खोली मोजण्याची आपल्याला सवय असते. नेमके म्हणूनच प्रमाणबद्ध छेद दाखवावा. तळाशी पुढे साचलेला गाळ वेगळ्या छटेने दाखवला तर मूळ खड्डा आजच्यापेक्षा खोल होता, हेही बोलता येईल. उंची ताणून दाखवायचीच असेल तर 'उंची पाचपट वाढवली आहे' असे चित्रावर लिहावे. नकाशांत हा संकेत पाळला जातो, स्लाइडवर का पाळला जाऊ नये?

अनुस्वार दिसतो का?

अक्षर किती मोठे असावे, याचे उत्तर बहुधा इंग्रजी पुस्तकांतून उचललेले असते. देवनागरीचा हिशेब वेगळा आहे आणि तो आपल्याला करता येतो.

निरोगी डोळा सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातला तपशील वेगळा ओळखू शकतो. शेवटचा बाक पडद्यापासून ८ मीटरवर असेल तर तेथे एक कला म्हणजे सुमारे २.३ मिलिमीटर. आता आपल्या लिपीत सर्वांत लहान पण अर्थ बदलणारी खूण कोणती? अनुस्वार. तो गेला तर 'वंश' चा 'वश' होतो आणि 'मंद' चा 'मद'. टंकानुसार थोडाफार फरक पडतो, पण तो टिंब अक्षराच्या उंचीच्या दहाव्या भागाइतका आहे असे धरू. टिंब २.३ मिलिमीटरचे हवे तर अक्षर किमान २३, म्हणजे ढोबळमानाने २५ मिलिमीटर उंच हवे. हे झाले निर्दोष दृष्टीच्या मुलासाठी. ज्याची दृष्टी ६/९ आहे पण चष्मा नाही, अशा मुलाला याच्या दीडपट, सुमारे ३७ मिलिमीटर अक्षर लागेल. अशी मुले प्रत्येक वर्गात असतात आणि बरेचदा ती मागेच बसतात.

वर्गातला पडदा ६५ इंची टीव्हीचा असेल तर त्याची उंची सुमारे ८१ सेंटिमीटर. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींत अंतर जास्त लागते. एका ओळीला अक्षराच्या दुप्पट, म्हणजे साडेसात सेंटिमीटर जागा दिली तर पडदा काठोकाठ भरूनही दहा-अकरा ओळी बसतात. मथळा आणि कडेची मोकळी जागा वजा करा. सहा-सात उरतात आणि चित्र असेल तर दोन-तीन. 'एका स्लाइडवर सहाच ओळी' असले नियम आपण पाठ करतो, पण आपल्या वर्गाची लांबी आणि आपल्या लिपीची ठेवण घेऊन ते असे काढता येतात. मुलांकडून हे गणित करून घेतले तर प्रकाशाच्या धड्याचा तो एक चांगला प्रयोगही होईल.

पडताळा सोपा आहे. वरच्या उदाहरणात शेवटचा बाक पडद्याच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरावर आहे. म्हणून घरी लॅपटॉपवर स्लाइड लावून त्याच्या पडद्याच्या उंचीच्या दहापट, म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर मागे उभे राहावे. तेथून घ आणि ध, भ आणि म, ब आणि व वेगळे वाचता आले पाहिजेत. स्लाइड करणाऱ्याला मजकूर पाठ असतो, त्यामुळे ही तपासणी दुसऱ्याकडून करवून घेतलेली बरी.

देवनागरीच्या आणखी काही खोडी आहेत. फार ठळक टंकात अक्षरांची पोटे बुजतात. अधोरेखा उकारांना छेदून जाते, त्यामुळे 'सु' की 'सू' ते कळत नाही. शब्दावर भर द्यायचा तर रंग बदलावा किंवा तो शब्द थोडा मोठा करावा. आणि जुन्या, युनिकोडपूर्व टंकात केलेली स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडली की सगळी अक्षरे अगम्य होतात. युनिकोड वापरावा आणि शक्य तर पीडीएफ प्रत सोबत ठेवावी.

काळा रंग येतो कोठून?

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, ही गोष्ट वरवर साधी वाटते. तो फक्त प्रकाश टाकतो. पडद्यावर जेथे काळे दिसायला हवे तेथे त्याला प्रकाश न टाकणे एवढेच शक्य असते. म्हणजे खोलीतल्या उजेडात तो पडदा जेवढा उजळ दिसतो तेवढाच आपला 'काळा' काळा.

आकड्यांत पाहू. ३,००० ल्यूमेनच्या प्रोजेक्टरने २ मीटर गुणिले १.५ मीटर, म्हणजे ३ चौरस मीटर चित्र पाडले तर पडद्यावर १,००० लक्स प्रकाश पडतो. खिडक्या बंद करून खोलीचा उजेड ५० लक्सवर आणला तर पांढरा भाग १,०५० आणि काळा ५०. गुणोत्तर एकवीसास एक. चित्र खणखणीत दिसेल. पण खिडक्या उघड्या असून पडद्यावर दिवसाचा ५०० लक्स उजेड पडत असेल तर पांढरा १,५०० आणि काळा ५००. गुणोत्तर अवघे तीनास एक. निम्म्या उजळपणाची करडी अक्षरे तेथे १,००० वर असतील, म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीशी त्यांचे गुणोत्तर दीडास एक. ती जवळजवळ नाहीशीच होतात. पिवळ्या अक्षरांची गत याहून वाईट.

मार्च-एप्रिलच्या वैदर्भीय उन्हात, पंखा असो वा नसो, चाळीस मुलांच्या वर्गाच्या खिडक्या बंद ठेवा असे आम्ही कोणालाही सुचवणार नाही. तेव्हा स्लाइडच उजेडासाठी करावी : पांढरी पार्श्वभूमी, काळी किंवा गडद निळी अक्षरे, जाड रेषा आणि छायाचित्रांची निवड जपून. लोणारचा बेसाल्ट मुळात काळपट. त्याचे सुंदर छायाचित्र उजेडाच्या वर्गात नुसता राखाडी डाग होऊन बसते आणि त्यातले कललेले थर, जे दाखवायचे होते, तेच दिसत नाहीत. अशा वेळी छायाचित्रावरून हाताने जाड रेषांची आकृती काढून तीच दाखवणे अधिक उपयोगी. मजकुरामागे छायाचित्र टाकण्याची हौस तर सोडूनच द्यावी, तिने चित्रही जाते आणि अक्षरेही.

रंगांबाबत एवढेच लक्षात ठेवावे की वेगवेगळ्या लोकसमूहांत शंभरातील तीन ते आठ पुरुषांना तांबडा व हिरवा हे रंग नीट वेगळे ओळखता येत नाहीत. मुलींत हे प्रमाण फारच कमी असते. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासात मीठप्रिय सूक्ष्मजीव हे त्याचे कारण आढळले. त्या वेळचे आणि एरवीचे हिरवट सरोवर शेजारी दाखवताना प्रत्येक चित्राखाली रंगाचे नाव व महिना लिहावा. पडद्यावरचा गुलाबी हा त्या पाण्याचाच गुलाबी असेल याचीही खात्री नसते, प्रोजेक्टर जुना झाला की रंग बदलतात.

ती एक ओळ

आता 'वय : ५०,००० वर्षे' या ओळीकडे वळू. खडक तापवला असता त्यातून निघणाऱ्या मंद प्रकाशावरून वय काढण्याची एक पद्धत आहे. तिने लोणारचे वय सुमारे ५२,००० वर्षे आले. पुढे आर्गॉनच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून काढलेले वय प्रसिद्ध झाले, ते सुमारे ५,७०,००० वर्षे, अधिक-उणे ४७,०००. दोन उत्तरांत दहापटींहून अधिक फरक आहे. आर्गॉनच्या पद्धतीकडे आज अनेक अभ्यासकांचा कल असला तरी जुना आकडा अजून सर्वत्र छापला जातो. ठिपका देऊन लिहिलेल्या ओळीत यातले काहीच मावत नाही. व्यास जितका निश्चित तितकेच वयही निश्चित, असे ती ओळ मुलांना सांगते. ठिपकेदार यादीचा खरा दोष हाच. तिच्यात सगळी विधाने सारख्याच वजनाची दिसतात आणि 'कारण', 'पण', 'जर' हे शब्द गळून पडतात. विज्ञान तर त्याच शब्दांत असते.

वर्गातल्या एका ओळीने एवढे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया अवकाशयान उडाले तेव्हा इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी या आघाताचे विश्लेषण नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडच्या रूपाने मांडले. त्यातल्या एका महत्त्वाच्या स्लाइडचा मथळा धीर देणारा होता : उपलब्ध चाचण्या पाहता अंदाज सुरक्षित बाजूचे आहेत, अशा अर्थाचा. त्याखाली उतरत्या पायऱ्यांनी लहान होत जाणारे मुद्दे. आणि अगदी तळाशी ही नोंद की प्रत्यक्ष तुकड्याचे अंदाजित आकारमान १,९२० घनइंच होते, तर चाचणीतल्या तुकड्याचे ३ घनइंच. म्हणजे ६४० पट फरक! ज्या चाचण्यांच्या भरवशावर मथळा उभा होता, त्या चाचण्या या प्रसंगाला लागूच नव्हत्या आणि हे सांगणारी ओळ सर्वांत खाली होती. १ फेब्रुवारी रोजी परतताना यान फुटले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. हा अपघात स्लाइडमुळे झाला असे म्हणणे चूक ठरेल, यान फुटले ते पंखाला पडलेल्या भोकामुळे. परंतु चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या आपल्या अहवालात एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने केलेले त्या स्लाइडचे विश्लेषण समाविष्ट केले आणि तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइड वापरण्याच्या प्रथेवर स्पष्ट टीका केली.

लोणारच्या वयाची स्लाइड मग कशी करावी? मथळा : 'लोणारच्या वयाची दोन उत्तरे आहेत आणि ती जुळत नाहीत.' खाली एक आडवी रेषा, डाव्या टोकाला आज, उजव्या टोकाला सात लाख वर्षे. तिच्यावर दोन खुणा, ५२,००० ची आज या टोकाजवळ आणि ५,७०,००० ची दूर उजवीकडे, प्रत्येकीभोवती अनिश्चिततेची पट्टी आणि शेजारी पद्धतीचे नाव. बस्स. या चित्रासमोर शिक्षकाने गप्प राहिले तरी चालेल, प्रश्न मुले विचारतील. दोन्ही पट्ट्या एकमेकींना शिवत का नाहीत, हे तर एखादा हुशार विद्यार्थी नक्की विचारेल आणि त्यावर एक आख्खा तास जाऊ शकतो.

चित्राचे भाग एकेक करून आणण्याची सोय संगणकात असते, ती अशा वेळी वापरावी. आधी मोकळी रेषा, मग पहिली खूण, त्यावर बोलून झाल्यावर दुसरी. फळ्याचा मोठा गुण हा की त्यावरची आकृती मुलांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या आकलनाच्या वेगाने वाढते. अक्षरे गरगरत येणे किंवा आवाज करत पडणे याचा मात्र त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि वीज गेली तर याच आकृत्या खडूने काढता आल्या पाहिजेत. विवराच्या छेदासाठी फळ्यावर ६० सेंटिमीटरची आडवी रेषा घ्यावी, मध्यावर ५ सेंटिमीटर खाली खूण करावी आणि तिन्ही बिंदू सपाट वक्राने जोडावेत. वयाच्या रेषेसाठी ७० सेंटिमीटर, म्हणजे एका लाखाला दहा. पहिली खूण ५ सेंटिमीटरच्या जरा पुढे येईल, दुसरी ५७ वर.